एफ ०१००५ : एका बिघाड-सूचीचे परीक्षण

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत चलित्र भेटते ते फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमासह. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र मोटरीइतकेच तिला चालवणाऱ्या कपाटाशी झुंजावे लागते. त्यातला ड्राइव्ह विजेची वारंवारता व दाब बदलून मोटरीचा वेग ठरवतो, आणि तो स्वतः चालतो आज्ञावलीवर. ती नीट भरली गेली नाही, तर मोटर शाबूत असूनही यंत्र हलत नाही. अशा वेळी हाताशी असते निर्मात्याची बिघाड-सूची. सीमेन्सच्या ‘सिनामिक्स एस १२०’ ड्राइव्हच्या सूचीतील एक नोंद आम्ही येथे तपासत आहोत.

एफ ०१००५ म्हणजे, जोडलेल्या घटकात फर्मवेअर (उपकरणातच वस्तीला असलेली आज्ञावली) भरणे अयशस्वी. खरी माहिती मात्र सोबतच्या कारण-अंकात असते. ११ म्हणजे बेरीज-पडताळा चुकला, १९ म्हणजे आवृत्ती त्या घटकाला चालत नाही, १०१ म्हणजे घटक उत्तरच देत नाही, १४० म्हणजे मेमरी कार्डावर फाइलच नाही. आणि १३९? आधी फक्त प्रारंभक आज्ञावली भरली गेली. वीज बंद-चालू करून उरलेले पुन्हा भरा. हे अपयश कसले? हे तर अर्धे झालेले काम! तरी शीर्षक तेच. केवळ शीर्षक वाचणारा चांगला घटक दुरुस्तीला धाडून मोकळा होईल.

११ या अंकाचा अर्थ वर्गात सहज दाखवता येतो. पुस्तकामागचा तेरा अंकी आयएसबीएन घ्या. अंकांना आळीपाळीने १ व ३ ने गुणून बेरीज करा. तिला १० ने निःशेष भाग जातो. एक अंक चुकवा, भाग जाणार नाही. पण कोणता अंक चुकला, हे बेरीज सांगत नाही. तसेच येथे. मजकूर कार्डावरच बिघडला की केबलमधून जाताना, हे ११ वरून कळत नाही.

सूची नेमकी इथेच कमी पडते. जोडणी तपासा, योग्य फाइल ठेवा, योग्य घटक वापरा, असे उपाय ती एका रांगेत देते. कोणत्या अंकाला कोणता उपाय, हे जुळवणे वाचणाऱ्यावर सोडते. आमच्या मते १०१ ला आधी केबल पाहावी, १४० ला कार्ड. ११ ला फक्त केबल बदलून पुन्हा भरावे. अंक तोच राहिला तर केबल बदलण्यापूर्वीची बाकी सारी स्थिती तशीच ठेवून कार्डाकडे वळावे. दोन्ही एकदम बदलले तर यंत्र कदाचित चालेल, कारण कळणार नाही.

‘बंद करून चालू करा’ हा सर्वांचा आवडता उपाय. १३९ ला तो बरोबर आहे. पण त्याच सूचीतील एफ ०१०१८ सांगते की, सुरू होण्याची क्रिया वारंवार तुटली तर यंत्रणा कारखान्यातल्या मूळ मूल्यांवर सुरू होते. भरणे चालू असताना घटकाचा दिवा लाल-हिरवा सावकाश लुकलुकतो, संपल्यावर जलद. वीज बंद करायची ती तेव्हा. ही दिव्यांची खूण दुसऱ्याच पुस्तिकेत आहे. ती एफ ०१००५ च्या नोंदीखाली एका ओळीत मावली असती.