भांडण त्यांचे, दार आमचे

हिंदू महासभा आणि संघ यांच्या बेबनावावरचे बरेचसे लेखन मला अपुरे वाटते. 1937 साली सावरकर महासभेचे अध्यक्ष झाले. पुढे गोळवलकरांच्या संघाने निवडणुकीपासून अंतर राखले, आणि दोघांत वितुष्ट आले. अभ्यासक यातच रमतात. मी नाशिकचा, मला काळारामाचे दार आठवते.

2 मार्च 1930 रोजी त्या दाराशी बाबासाहेबांचे सत्याग्रही उभे राहिले. दार उघडले नाही. 1931 मध्ये महासभेचे डॉ. मुंजे रोमला मुसोलिनीस भेटले. तिथले मुलांचे लष्करी शिक्षण त्यांना भावले. 1937 मध्ये आमच्याच नाशकात त्यांचे भोसला मिलिटरी स्कूल उभे राहिले. मधल्या काळात, 1935 ला, येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. अस्पृश्य मुसलमान वा ख्रिस्ती होण्यापेक्षा शीख झालेले बरे, ही मुंज्यांची 1936 ची भूमिका. म्हणजे चिंता शिरगणतीची, माणसाची नव्हे.

सावरकरांनी रत्नागिरीत 1931 साली पतितपावन मंदिर सर्वांना खुले केले, हे मान्य. पण ते नवे मंदिर होते; जुनी दारे बंदच राहिली. महासभा आणि संघ भांडले ते हिंदूंचे नेतृत्व कुणी करावे यावर. हिंदू म्हणजे कोण, हे विचारणारा दाराबाहेर होता. या भांडणाची समीक्षा त्या पायरीवरूनच व्हायला हवी.