कानातली भाकरी

इन्स्टाग्रामवर ‘हँडमेड क्ले इयररिंग्ज’ शोधून बघा, दोन मिनिटांत भूक लागेल. वडापाव, उकडीचे मोदक, पाणीपुरी, जिलबी, कटिंग चहा. सगळं नखाएवढं आणि कानात लटकणारं. खाली बहुतेकदा एकच ओळ: बालपणीच्या चवीची आठवण. यातली काही कामं खरोखर सुबक असतात. वड्याचा खरबरीतपणा जुन्या टूथब्रशने टोचून आणलेला, तळल्याचा रंग पेस्टल खडूच्या भुकटीने चढवलेला. त्या हाताला दाद द्यायलाच हवी. माझी तक्रार आहे ती ‘आठवण’ या शब्दाबद्दल.

कारण माझी आठवण या यादीत कुठेच नाही. मी निमगाव केतकीची. तुकोबांच्या पालखीचा आमच्या गावात मुक्काम असतो. त्या दिवशी घरात भाकऱ्यांची चळत लागायची, पातेल्यात पिठलं रटरटायचं. माझं बालपण म्हणजे त्या भाकरीचा वरचा पापुद्रा. आजी तो सोलून हातावर ठेवायची आणि मी फुंकर मारत खायचे. म्हणून मी क्ले आणली, भाकरी केली. पापुद्रा फुगवला, तव्याचे डाग दिले. मैत्रिणीने बघितलं आणि विचारलं, “बिस्किट आहे का गं?”

तिचं काही चुकलं नाही. या कानातल्यांचा नियमच तो आहे: बघताक्षणी ओळखू आलं पाहिजे, नाहीतर रील पुढे सरकते. मग फोटोंत आधीच गाजलेले पदार्थ तेवढे ‘बालपण’ ठरतात. मोदक ओळखू येतो, हुलग्याचं माडगं येत नाही. सुकटीची चटणी कानात घालायला कोण तयार होईल? कुणाचं बालपण गोंडस आणि कुणाचं दाखवण्याजोगं नाही, हे असं कुणी न ठरवताच ठरून जातं.

खरं तर खाणं अंगावर मिरवायची आपली रीत जुनीच आहे. बोरमाळ, जोंधळी पोत, पोहेहार ही नावंच बघा. सोनाराने जोंधळ्याची हुबेहूब नक्कल केली नाही. त्याने सोन्याचे बारीक मणी केले आणि बाकीचं काम नावावर सोडलं. घालणारीच्या घरात जोंधळा होता, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. संक्रांतीचे हलव्याचे दागिने तर खाण्याचेच. तीळ किंवा खसखस मंद आचेवर ठेवून थोडाथोडा पाक चढवत काटा आणायचा, मग त्याचे हार-बांगड्या करून नव्या सुनेला आणि बोरनहाणाच्या बाळाला घालायचे. दमट हवेत तो हलवा पाझरतो, त्याला मुंग्या लागतात. म्हणून तो वेळेवर घालायचा आणि वेळेवर खायचा.

पॉलिमर क्लेचं याच्या उलट. नाव क्ले असलं तरी ती माती नव्हे. पीव्हीसी प्लास्टिकमध्ये ते मऊ ठेवणारी द्रव्यं मिसळून केलेला तो लगदा, साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला भाजला की पक्का होतो. त्यातला मोदक विटत नाही, त्याला वास येत नाही. पदार्थाचं फक्त रूप उरतं, आणि रूप हा आठवणीचा सगळ्यात छोटा भाग असतो. माझ्या भाकरीत चटका होता, धूर होता, आजीची बोटं होती.

मग ही कानातली करूच नयेत का? जरूर करावीत. फक्त हुबेहूबपणाची हौस जरा कमी करावी आणि सोनारासारखा नावावर भरवसा ठेवावा. आणखी एक वडापाव करण्याआधी स्वतःला विचारावं, आपल्या घरी खरंच काय शिजत होतं? ते एका नजरेत ओळखू आलं नाही तरी चालेल. कुणीतरी थांबून विचारेल, हे काय आहे?

मी ती भाकरी मोडली नाही. अजून घालते. कुणी ना कुणी तिला बिस्किट म्हणतंच, आणि मग मला पालखीच्या मुक्कामापासून सांगायला सुरुवात करावी लागते.