विषाची खूण आणि यंत्राचे वाचन

बाभुळगाव हा यवतमाळ जिल्ह्यातील कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा तालुका होय. तेथील शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. २०१७ च्या हंगामात ह्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. ह्या घटनेची चर्चा 'विषबाधा' ह्या शब्दाभोवती झाली. परंतु मराठीत 'बाधा' ही होते आणि उतरते. जे वाचले त्यांची बाधा उतरली, असे ह्या शब्दाने गृहीत धरले जाते. त्यांच्या पेशींतील डी.एन.ए.चे काय झाले, हा प्रश्न त्या शब्दात मावत नाही.

डब्यावरील अधिकृत खूणही ह्या बाबतीत मुकी आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार लाल, पिवळा, निळा व हिरवा हे त्रिकोण ठरतात ते प्रयोगातील निम्मे प्राणी मारणाऱ्या मात्रेवरून. हिरवा त्रिकोण गुणसूत्रांविषयी काहीही सांगत नाही. लोकांचा शब्द व कायद्याची खूण ह्या दोहोंनाही तात्काळ परिणाम तेवढा ठाऊक आहे.

मंद परिणाम ओळखण्यासाठी ज्या चाचण्या आहेत त्यांपैकी तीन येथे विचारात घेण्याजोग्या आहेत. कॉमेट चाचणीत पेशी जेलमध्ये बसवून विद्युत्क्षेत्रात ठेवतात, तुटलेला डी.एन.ए. केंद्रकाबाहेर ओढला जाऊन धूमकेतूसारखे शेपूट दिसते. ही पद्धत १९८४ मध्ये मांडली गेली व १९८८ मध्ये तिला आजचे अल्कधर्मी रूप मिळाले. दुसऱ्या चाचणीत पेशीविभाजनाच्या वेळी मागे राहिलेल्या गुणसूत्राच्या तुकड्यांपासून झालेली सूक्ष्मकेंद्रके मोजतात. तिसरीत डी.एन.ए.चे दोन्ही धागे तुटलेल्या जागी एच२एएक्स ह्या प्रथिनात होणारा बदल प्रकाशमान ठिपक्यांनी दाखवितात. हा बदल १९९८ मध्ये वर्णिला गेला.

पूर्वी हे वाचन डोळ्यांनी होत असे. कॉमेटचे शून्य ते चार असे वर्ग पाडले जात, आणि वर्ग लावणारा बदलला की निकालही बदलण्याचा संभव असे. स्वयंचलित सूक्ष्मदर्शक व संगणक हजारो पेशींना एकच माप लावतात. प्राण्यांवरील सूक्ष्मकेंद्रक चाचणीत मोजावयाच्या पेशींची किमान संख्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१४ मध्ये दोन हजारांवरून चार हजारांवर नेली. अशा कामी यंत्राची उपयुक्तता निर्विवाद आहे.

तथापि एकसारखे वाचन म्हणजे यथार्थ वाचन असे मानणे चुकीचे ठरेल. मोडी लिपीत शब्द तोडून लिहीत नसत. ओळीतील शब्द कोठे संपतो हे वाचकाला भाषेच्या व विषयाच्या ज्ञानावरून ठरवावे लागे. प्रतिमेतील पेशींच्या सीमा ठरविताना यंत्रापुढे हीच अडचण असते. एकमेकींवर चढलेल्या दोन पेशी एक ठरू शकतात; रंगाचा कण सूक्ष्मकेंद्रक म्हणून मोजला जाऊ शकतो. ही चूक यंत्र करते तेव्हा ती सर्वत्र सारखीच करते, म्हणून ती लक्षात येणे अधिक कठीण होते.

शिवाय खूण स्वतःच अनेकार्थी आहे. एच२एएक्सचे ठिपके डी.एन.ए.ची प्रत तयार होत असतानाही दिसतात. कॉमेटच्या शेपटात दुरुस्तीच्या ओघात तात्पुरते पडलेले छेदही येतात. सूक्ष्मकेंद्रकाचे कारण कोणते, हे सूक्ष्मकेंद्रक सांगत नाही. बाभुळगावच्या फवारणी मजुराच्या गालाच्या आतील पेशी तपासल्या आणि तो खर्रा खाणारा असला, तर आढळलेली वाढ तंबाखू-सुपारीची की फवाऱ्याची, हे प्रतिमेवरून ठरणार नाही. ते त्याला विचारावे लागेल. तेथे 'कीटकनाशकाशी संपर्क आला काय?' असा छापील प्रश्न निरुपयोगी ठरण्याचा धोका आहे. 'औषध किती दिवस मारले, कोणते मारले, तोंडाला काय बांधले होते?' असे विचारले तरच उत्तर मिळण्याची शक्यता आहे. यंत्राच्या अचूकतेची मर्यादा अशा रीतीने प्रश्नावलीच्या मराठीत येऊन ठरते.

शेवटचा मुद्दा निकाल कळविण्याचा. 'जनुकविषाक्तता' हा रूढ होऊ पाहणारा समास दोन प्रकारे सोडविता येतो: जनुकांना होणारे विष आणि जनुकांत असलेले विष. 'जनुक' म्हटले की सामान्य वाचकाला आनुवंशिकता आठवते. तेव्हा आपल्या मुलांत विष उतरले, असा अर्थ मजूर घेईल. रक्तातील वा गालातील पेशींच्या चाचणीवरून संततीविषयी असे विधान करता येत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात रक्तपेशींतील सूक्ष्मकेंद्रकांचे प्रमाण व पुढील कर्करोग ह्यांचा संबंध आढळला. परंतु तो समूहाविषयी आहे, एका माणसाचे भवितव्य त्यातून वाचता येत नाही. म्हणून निकालपत्रात 'पेशींतील डी.एन.ए.ची मोडतोड' असे साधे वर्णन असावे, आणि ती कोणत्या पेशींत आढळली व कितपत भरून येऊ शकते, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे. ज्याच्या पेशी मोजल्या त्याला तो कागद समजला नाही, तर मोजणी कितीही निर्दोष असली तरी त्याच्या दृष्टीने ती झालीच नाही.