गुत्तेदारावरील अट आणि ‘कुटुंब’ या शब्दाची मर्यादा

शासनाशी करार करणाऱ्या व्यावसायिकाने नोकरांच्या विवाहित जोडीदारास ज्या सवलती द्यावयाच्या, त्याच अविवाहित सहजीवी जोडीदारासही दिल्या पाहिजेत, असा नियम अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को नगराने 1996 मध्ये संमत केला व जून 1997 पासून तो अमलात आला. विवाहाचा कायदा नगराच्या हाती नव्हता. खरेदीचा करार मात्र होता. हाती असलेल्या साधनाने हाती नसलेल्या कायद्याच्या परिणामास वळण लावावयाचे, ही त्यातील युक्ती होय. 1998 मध्ये तेथील संघीय न्यायालयाने तिला मर्यादाही घातली. नगर सामान्य गिऱ्हाईक म्हणून वागते तेथवर अट चालेल. विमानतळासारख्या मक्तेदारीच्या ठिकाणी ते गिऱ्हाईक न राहता शासकच बनते, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा आणावा काय? करारात समतेची अट घालणे आपणांस परके नाही. कायम कामगाराचेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगारास त्याच्याइतके वेतन द्यावे, ही परवान्याची अट 1971 च्या केंद्रीय नियमांत होती. अडचण निराळीच आहे. सान फ्रान्सिस्कोचा नियम कोणतीही सवलत द्यावयास भाग पाडीत नाही. पत्नीस जे मिळते ते सहजीवी जोडीदारासही मिळावे, एवढेच तो म्हणतो. अमेरिकेत आरोग्यविमा बहुधा मालकाकडूनच मिळतो, म्हणून या ‘तेवढेच’ला तेथे वजन आहे. परंतु परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावी रस्त्याचे वा कालव्याचे काम घेणारा गुत्तेदार मजुराच्या लग्नाच्या बायकोस तरी स्वतःहून काय देतो? शून्याशी साधलेली समता शून्यच राहावयाची.

मराठवाड्यातील ऊसतोडीचा व्यवहार येथे उद्बोधक आहे. तो सरकारी कंत्राटाचा नव्हे, तरी जोडीचा हिशेब त्यात जितका उघडपणे मांडला जातो तितका क्वचितच अन्यत्र आढळेल. ‘एक कोयता’ म्हणजे स्त्री-पुरुषांची एक जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयत्याचे काम मोजताना कोणी विवाहाचा दाखला मागत नाही. तो मागितला जातो मृत्यूनंतर, पैसे वाटण्याच्या वेळी.

तेव्हा गाठ पडते ती ‘कुटुंब’ या शब्दाच्या व्याख्येशी. आपल्याकडील मुख्य लाभ मालकाच्या मर्जीतून नव्हे, कायद्यातून येतात. आणि कायदा लाभधारकांची यादी स्वतःच लिहून ठेवतो. 1952 च्या भविष्य निर्वाह निधी योजनेनुसार, कुटुंब असलेल्या सभासदाने कुटुंबाबाहेरील व्यक्तीच्या नावे केलेले नामनिर्देशन अवैध ठरे. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कुटुंबाची गणना वैवाहिक जोडीदारापासूनच सुरू होते. उलट, समलिंगी जोडीदारास बँकेत संयुक्त खाते उघडावयास व नामनिर्देशित व्हावयास आडकाठी नाही, असे केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले. बँकेतील स्वतःच्या शिलकेविषयी जे स्वातंत्र्य, ते घामाच्या निधीविषयी का नसावे, याचे उत्तर मला तरी या व्याख्यांत सापडत नाही.

एक आक्षेप मात्र सहज झटकून टाकण्याजोगा नाही. सहजीवी स्त्रीला हक्क दिल्यास गावी टाकून दिलेल्या पहिल्या बायकोचे काय? शासकीय सेवकाची दुसरी पत्नी, विवाह वैध नसेल तर, कुटुंबनिवृत्तिवेतनास पात्र नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2019 मध्ये ठरविले, ते याच भीतीपोटी असे म्हणणे कदाचित अन्यायाचे होईल. पण परिणाम तोच. 2008 मधील एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अधिक समंजस वाट काढली होती. मृत कामगाराने नामनिर्देशित केलेल्या स्त्रीचा विवाह अवैध असूनही वारसा-प्रमाणपत्र तिलाच दिले, आणि पहिल्या पत्नीचा एकपंचमांश हिस्सा सुरक्षित राखला. दोघींपैकी एकीला नाहीशी करण्याची गरज न्यायालयास भासली नाही.

सहजीवनाच्या नोंदीचा प्रश्न उरतो. सान फ्रान्सिस्कोत अशी नोंदवही 1991 पासून होती, आणि ती हक्क सांगण्यासाठी होती. उत्तराखंडात जानेवारी 2025 पासून सहनिवासाची नोंद सक्तीची झाली. तेथे नोंद न करणे हा दंडनीय अपराध आहे. पहिल्या वहीत नाव घालावयास माणूस आपणहून जाईल, दुसरीपासून दूर पळेल. पिंगळीच्या मजुरास यांपैकी कोणतीही वही नको. निविदेच्या शर्तींत एवढेच असावे की, गुत्तेदाराने प्रत्येक मजुराकडून कामाच्या पहिल्याच दिवशी त्याच्या वा तिच्या पसंतीचे नाव लिहून घ्यावे, कायद्याबाहेरील अपघातविमा व सानुग्रह रक्कम त्या नावावर द्यावी, आणि त्या नावापुढे नात्याचा रकाना ठेवू नये.