संख्येवर विसंबलेली सुरक्षा : बहुघटक नियंत्रण व्यवस्थांच्या सहमती-सिद्धांताची चिकित्सा

प्रस्तावना :
परस्परांशी जोडलेली ड्रोन वा संवेदक यांसारखे घटक मध्यवर्ती नियंत्रकाविना, केवळ शेजाऱ्यांकडून आलेल्या माहितीच्या आधारे एका मूल्यावर सहमत होऊ शकतात. त्यांपैकी काही घटक हल्लेखोराच्या ताब्यात गेल्यास ही सहमती कशी टिकवावी, हा या क्षेत्रातील मूलभूत प्रश्न होय. संगणकांच्या संदर्भात लॅम्पोर्ट, शोस्टॅक व पीझ यांनी १९८२ मध्ये ‘बायझंटाईन सेनापतीं’च्या रूपकातून तो मांडला. नियंत्रण व्यवस्थांसाठी लेब्लांक, झांग, कुत्सुकोस व सुंदरम यांनी २०१३ मध्ये दिलेल्या उत्तराची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

सिद्धांताचे स्वरूप :
प्रत्येक घटकाने स्वतःच्या मूल्याहून मोठ्या मूल्यांपैकी सर्वांत मोठी ‘एफ’ आणि लहान मूल्यांपैकी सर्वांत लहान ‘एफ’ मूल्ये वगळून उरलेल्यांची, स्वतःच्या मूल्यासह, सरासरी घ्यावी, असे ही पद्धती सांगते. ‘एफ’ म्हणजे बाधित शेजाऱ्यांची गृहीत धरलेली कमाल संख्या. समजा, घटकाचे मूल्य ५०, शेजाऱ्यांची मूल्ये ४९, ५१, ५२, ९० आणि ‘एफ’ १ आहे. येथे ९० व ४९ वगळले जाऊन सरासरी ५१ येते. खोटे कोण बोलतो हे ओळखण्याची आवश्यकताच उरत नाही, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य होय.

मर्यादा :
मात्र ५२ सांगणारा शेजारीही बाधित होऊन ९० सांगू लागला, तर एक ९० शिल्लक राहतो व सरासरी सुमारे ६४ होते. सारी हमी ‘एफ’वर उभी आहे, तो अंक कसा ठरवावा, हे सिद्धांत सांगत नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीजवितरण कंपन्यांवर हल्ला होऊन सुमारे २,२५,००० ग्राहकांचा पुरवठा खंडित झाला. ती व्यवस्था सहमतीवर चालणारी नव्हती. तथापि अनेक उपकेंद्रांतील संपर्क-उपकरणे एकाच पद्धतीने निकामी केली गेली, ही बाब येथे बोधप्रद ठरते. समान उपकरणे स्वतंत्रपणे नव्हे, तर एकत्रितपणे बाधित होतात.

समारोप :
पुढील संशोधनात घटकांच्या विविधतेचा विचार झाला आहे आणि तीच दिशा योग्य वाटते. ‘किती घटक बाधित होतील?’ याआधी ‘कोणते घटक एकाच कारणाने बाधित होतील?’ हे विचारले पाहिजे. युक्रेनमध्ये पुरवठा अखेर कर्मचाऱ्यांनी हाताने पूर्ववत केला. हल्लेखोराच्या आवाक्याबाहेरचा असा एखादा मार्ग राखून ठेवणे, हाही सुरक्षेच्या सिद्धांताचाच भाग मानावा लागेल.