पाठमोरी माणसे आणि एक इमारत

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या दिनदर्शिकेसाठी मी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे एक छायाचित्र दिले होते. दिनदर्शिका हाती आली तेव्हा नोव्हेंबरच्या पानावर इमारत होती, आकाश होते आणि समोरचा रस्ता नुकत्याच पुसलेल्या ओट्यासारखा लख्ख होता. मूळ चित्रात डाव्या कोपऱ्यात रिकामी पाटी काखेला मारलेला एक पाटीवाला होता, त्याच्यामागे बसची वाट पाहणाऱ्या दोन बायका होत्या, एका टॅक्सीचा पिवळा टप होता. संगणकावर ते सारे काढून टाकले होते. विचारले तर उत्तर आले, "अहो, फोटो इमारतीचा आहे ना?"

उत्तराचा राग आला खरा, पण ते देणारा माणूस काही नवे बोलत नव्हता. १८३८ साली पॅरिसच्या एका हमरस्त्याचे दागेरने टिपलेले दृश्य प्रसिद्ध आहे. रस्ता वाहता होता, पण प्रकाश झेलायला पत्र्याला कित्येक मिनिटे लागत; तेवढ्यात माणसे, घोडागाड्या निघून गेल्या आणि चित्रात उमटली नाहीत. उरला एक जण, बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला. आपल्याकडे १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हाच्या ओल्या काचांनाही काही सेकंद लागत. देऊळ, कमान, पुतळा ठळक येई. चालणारा माणूस धुरकट रेघ होऊन राही. ही रसायनाची मर्यादा होती. पुढे काचा वेगवान झाल्या, धावता घोडाही पकडता येऊ लागला, तरी सवय गेली नाही. इमारतीचे 'चांगले' चित्र म्हणजे भल्या पहाटेच्या रिकाम्या रस्त्याचे चित्र, असा दंडक आजही पाळला जातो. एकेकाळची अडचण आपण अभिरुची म्हणून जपून ठेवली आहे.

किल्ल्याच्या बाबतीत हे चालून जाते. रिकामा किल्ला खरा असू शकतो. स्टेशनाचे तसे नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. तिचे घुमट, जाळ्या, दगडात कोरलेली पाने-पाखरे ही सगळी वेळापत्रकाच्या धाकाने चालणाऱ्या माणसांच्या डोक्यावर रचलेली आहेत. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि दिनदर्शिकावाल्यांना हवे होते तसे चित्र अखेर आपोआप मिळाले: स्वच्छ उजेड, मोकळा चौक, संपूर्ण दर्शनी बाजू. ती छायाचित्रे मी पाहिली तेव्हा सौंदर्य वगैरे सुचलेच नाही. पोटात खड्डा पडला.

आता गर्दी चौकटीत घ्यायची म्हटले की खरी कसरत सुरू होते. इमारतीची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. सकाळी लोंढा शहराकडे बाहेर पडतो, चेहरे आपल्याकडे असतात. पण सूर्य इमारतीच्या मागे, म्हणून दगड काळवंडलेला आणि चेहरेही सावलीत. संध्याकाळी उन्हाने दगड पिवळा होतो, एकेक नक्षी सुटी दिसते. पण तेव्हा फोर्टातली कचेऱ्यांची माणसे परतत असतात, म्हणजे सगळे पाठमोरे. उजेड आणि चेहरे एकदम मिळत नाहीत. समोर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली; तिच्याकडे पाठ केल्याशिवाय हिचे चित्र घेता येत नाही. रुंद लेन्स लावून जवळून कॅमेरा वर केला, तर मनोरे मागे कलंडतात आणि माणसे मुंग्यांएवढी होतात. लांबून टेलिफोटोने घेतले, तर माणूस आणि घुमट एकमेकांना चिकटतात, मधला रुंद चौक नाहीसा होतो. यातले काय सोसायचे, हे ठरवणे म्हणजे रचना. बाकीचे, एक-तृतीयांशाचे नियम वगैरे, शिकवणीत ठीक आहे. (आणि डबेवाला येईपर्यंत थांबणे ही रचना नव्हे, ती जाहिरात.)

रघू राय यांनी १९९५ मध्ये चर्चगेट स्टेशनात घेतलेले चित्र या संदर्भात टाळता येत नाही. शटर बराच वेळ उघडे ठेवल्याने लोंढा धुके होऊन वाहतो आणि त्यात वर्तमानपत्रात डोके घातलेली माणसे तेवढी स्थिर, स्पष्ट राहतात. दागेरच्या चित्रात अपघाताने घडले ते इथे जाणून केले आहे. चित्र थोर आहे, ते त्या वाचणाऱ्यांमुळे: धक्क्याबुक्क्यांत स्वतःपुरती खोली उभारणारा मुंबईकर त्यात नेमका सापडतो. पण त्याची पिल्ले मला सोसत नाहीत. आता कोणत्याही वास्तूपुढे तिपाई लावून गर्दीची नदी केली जाते, आणि वाचणारा माणूस मात्र नसतो. संगणकाने पुसणे आणि शटरने धुके करणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे दगड टिकतो, माणूस विरतो.

वेगळी वाट रघुबीर सिंग यांची. मुंबईवरचे त्यांचे पुस्तक १९९४ चे. ते रंगीत फिल्मवर काम करत, आणि भारताला काळ्या-पांढऱ्यात पाहणे त्यांना परकेपणाचे वाटे. त्यांच्या चौकटी खांबांनी, काचांनी, आरशांनी कापलेल्या असतात. अँबेसेडर गाडीवरच्या त्यांच्या मरणोत्तर पुस्तकात तर गाडीचे दार आणि खिडकीच चौकट होते. अशा चित्रात प्रसिद्ध वास्तू आलीच तर ती कोणाच्या तरी खांद्याआडून, आपल्या वाट्याच्या जागेपुरती येते. तिला मानाचे पान नाही. माझी एक तक्रार आहे: कधीकधी त्यांची चौकट इतकी भरते, की त्यातली लाल साडी ही बाई न राहता लाल रंगच उरतो. तरीही तिथे कोणी पुसलेले नसते. कडेला अर्धा कापला गेलेला माणूसही अर्धा का होईना, असतो.

हे ध्यानात घेऊन मी गेल्या हिवाळ्यात त्याच चौकात सात संध्याकाळी उभा राहिलो. पाठमोऱ्यांचाच विचार करायचा ठरवले. घामाने अंगाला चिकटलेले सदरे, पुढे छातीशी धरलेल्या सॅक, एकीच्या वेणीतला दुपारीच कोमेजलेला गजरा. घड्याळाकडे मान वर करून पाहणारे फार थोडे; बहुतेकांच्या हातात फोन. सातव्या दिवशी एक पोरगा भेळेची टोपली सावरत उलट दिशेने, गर्दी कापत आला. सगळ्या पाठींत तेवढा एक चेहरा, आणि पश्चिमेचे ऊन थेट त्याच्यावर. मला जेमतेम दोन फोटो मिळाले. त्यांतल्या बऱ्या फोटोत मधला घुमट वरून कापला गेला आहे, त्यावरची प्रगतीची मूर्ती चौकटीबाहेर राहिली आहे.

परवा एकाने यंदाच्या दिनदर्शिकेसाठी काही आहे का, म्हणून विचारले. मी तोच पाठवला. घुमट पुरा असलेला दुसरा आहे का, असे त्याने लगेच कळवले. मी अजून उत्तर दिलेले नाही.