पुस्तक एक झाले, शिकणे एक झाले का?

प्राथमिक शाळेतले मूल एका वर्षात काय शिकते, असे कोणी विचारले तर आपण विषयांची यादी सांगतो. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. यादी बरोबर असते, पण ती वेळापत्रकाची असते, मुलाच्या शिकण्याची नव्हे. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. या आठशे तासांपैकी एका तासात शिकलेले दुसऱ्या विषयाच्या तासाला किती वेळा कामी येते, हे मात्र कोणी मोजत नाही. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्याचे उदाहरण समोर ठेवून आम्ही या लेखात तेवढ्यापुरताच विचार करणार आहोत.

बांधणी एक, खण वेगळे

दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून आपल्या राज्यात सर्व विषय एकत्र बांधून वर्षाचे चार भाग करण्याचा प्रयोग झाला. आधी पहिलीसाठी ‘एकात्मिक’ पुस्तके आली. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पुस्तकेही चार भागांत, वहीसारखी कोरी पाने जोडून देण्यात आली. ही कोरी पाने पुढे जानेवारी २०२५ मधील निर्णयाने बंद झाली. पानांचा फायदा किती झाला, यावर त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. ‘एकात्मिक’ या शब्दाविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

मुलांचे खांदे हलके झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्या चार भागांची रचना पाहिली तर एका विषयाचे पाठ संपतात, मग दुसऱ्या विषयाचे सुरू होतात. एकाच पेटीत चार खण असावेत तसे. गणितात मिलिमीटर येतो तो फूटपट्टीवर. परिसर अभ्यासात पाऊस येतो तो ढगांच्या चित्रात. मराठीत पाऊस येतो तो कवितेत. तिन्ही पाठ आपापल्या जागी चांगले असू शकतात. पण पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, हे मुलाला या तिघांपैकी कोण सांगणार?

पासष्ट मिलिमीटर म्हणजे किती?

चाकूर तालुक्यातील बहुतेक मुलांच्या घरी सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी यांची शेती असते. पावसाळ्यात घरात ‘मंडळात किती पाऊस झाला’ ही चर्चा रोजची. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानभरपाईचा विचार त्या आकड्यावरून होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पिके पाण्याखाली गेली तेव्हा हा आकडा घरोघरी बोलला गेला असणार. चौथीतल्या मुलाला मिलिमीटर ठाऊक असतो, पाऊसही ठाऊक असतो. तरीही ‘पाणी लिटरमध्ये मोजतात, मग पाऊस पट्टीने का?’ हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहण्याची संधीच त्याला मिळत नाही.

उत्तर अवघड नाही. सपाट जमिनीवर पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, वाफ होऊन उडाले नाही, तर जेवढ्या उंचीचा थर साचेल तेवढा पाऊस. एक मीटर लांब व एक मीटर रुंद फरशीवर एक मिलिमीटर थर म्हणजे १०० गुणिले १०० गुणिले ०.१, म्हणजे १००० घन सेंटिमीटर. बरोबर एक लिटर. शाळेची पत्र्याची खोली ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद असेल तर ६५ मिलिमीटर पावसात तिच्या छपरावर ३० गुणिले ६५, म्हणजे १९५० लिटर पाणी पडते. हे सगळे गणित पाचवीच्या आवाक्यातले आहे. लहान वर्गांनी गुणाकार न करता नुसती उंची मोजली तरी पुरते.

एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. तेव्हा एका गुंठ्यावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १००० लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. तेवढे पाणी साडेबारा एकरांवर पडलेल्या १० मिलिमीटर पावसाइतके भरते. रेल्वेची हकिकत मूल आईवडिलांकडून ऐकते, एकर त्याला घरी कळतो, गुणाकार शाळेत कळतो. हे तिन्ही एकत्र आले की छपरावरचे पाणी साठवण्याची गोष्ट केवळ घोषणा राहत नाही.

यासाठी लागते सरळ बाजूंचे, सपाट तळाचे एक भांडे आणि पट्टी. भांडे उघड्यावर, झाडाभिंतीपासून दूर ठेवावे व रोज सकाळी साडेआठला मोजावे, कारण हवामान खात्याची नोंदही त्याच वेळी होते. मुलांनी आकडा लिहावा, त्याखाली त्या दिवसाविषयी एक वाक्य लिहावे, महिन्याच्या शेवटी चित्रालेख काढावा, आणि १९७२ च्या दुष्काळाविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून यावे. यात गणित, भाषा, परिसर, इतिहास सर्व आले, आणि कोणाला ओढूनताणून आणावे लागले नाही.

येळवशीची सुट्टी

दुसरे उदाहरण हिवाळ्यातले. वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्याकडच्या येळवशीला, लातूर भागात शाळेला सुट्टी असते आणि सारे गाव शिवारात असते. कडब्याच्या कोपीपुढे पूजा होते, मग भज्जी, उंडे, आंबील. या एका जेवणात परिसर अभ्यासाचा ‘अन्न’ हा घटक जवळजवळ पूर्ण भरलेला आहे: तृणधान्य, तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, ताक. आंबील आंबट का होते, याचे उत्तर दही का लागते या उत्तराशी जाऊन मिळते. दोन्हीकडे काम करतात ते सूक्ष्मजीवच.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मात्र वर्गात जिथे पाठ थांबला होता तिथूनच तो पुढे सुरू होतो. त्याऐवजी प्रत्येक मुलाला तुरीच्या दहा शेंगा आणायला सांगाव्यात. वर्गात दोनतीनशे शेंगा जमतील. सोलून प्रत्येक शेंगेतील दाणे मोजावेत, फळ्यावर खुणा कराव्यात. सगळ्या शेंगांत दाणे सारखे नसतात. पण कोणती संख्या पुनःपुन्हा येते आणि कोणती क्वचित, हे खुणांवरून दिसते. एकाच जातीच्या सजीवांतही फरक असतो, आणि तो मोजता येतो, ही विज्ञानातली फार मोठी गोष्ट मुले अशी हाताने शिकतात. हरभऱ्याचे एक रोप मुळासकट हलकेच उपटून मुळावरच्या गाठी दाखविल्या तर पुढच्या वर्गातील नत्राचा पाठ मुलांना परका वाटणार नाही.

समवायाचा जुना धडा

हा विचार नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली गेली, तेव्हापासून ‘समवाय’ हा शब्द आपल्या शिक्षकांना परिचित आहे. त्यावर घेतला गेलेला आक्षेपही लक्षात ठेवायला हवा. प्रत्येक विषय टकळीला बांधण्याच्या अट्टाहासात पुष्कळदा बळजबरीचे दुवे जोडले गेले. आजही घागरींचे चित्र काढून ‘३ घागरी अधिक ४ घागरी किती’ असे विचारले, तर त्यात पाण्याचा अभ्यास होत नाही. घागरीऐवजी चेंडू घातले तरी गणित तेच राहते.

म्हणून आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. एका विषयातला प्रश्न दुसऱ्या विषयाची मदत घेतल्याशिवाय सुटत नसेल, तरच तो दुवा खरा. पाढे, वाचनाचा सराव, लेखनाचे वळण यांना त्यांचा स्वतःचा क्रम आहे, तो पावसासाठी थांबवू नये. वर्षभरातले सगळे तास जोडावेत असेही नाही. महिन्यातून एकदोन असे प्रश्न हाती लागले तरी पुष्कळ झाले.

पुस्तक मंडळाने अशा जागा दाखवाव्यात, निदान शिक्षकांसाठीच्या सूचनांत ‘हा पाठ त्या पाठाबरोबर घ्यावा’ एवढे तरी लिहावे, अशी आमची अपेक्षा आहे. पण महाराष्ट्रभरासाठी छापलेल्या पुस्तकाला चाकूरची येळवस आणि तिथल्या मंडळाचा पाऊस ठाऊक असणार नाही. तिसरीला आपल्या जिल्ह्याची ओळख जिल्हावार पुस्तकातून करून देण्याची चांगली पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण जिल्हासुद्धा मुलासाठी मोठाच असतो.

इथे प्राथमिक शिक्षकाच्या हाती एक गोष्ट आहे, जी वरच्या वर्गांत कोणाकडेच नसते. सगळे विषय तोच शिकवतो. माध्यमिक शाळेत गणिताचे सर वेगळे, विज्ञानाच्या बाई वेगळ्या. त्यानंतर लातूरच्या ज्या परीक्षापद्धतीचा राज्यभर बोलबाला आहे, तिथे तर एकेका विषयाचे तज्ज्ञ वेगळे. मुलाच्या मनात विषयांच्या भिंती पक्क्या होण्याआधीची चारपाच वर्षे फक्त आपल्या ताब्यात आहेत. दोन शिक्षकी शाळेत, जनगणना, सर्वेक्षण आणि अहवाल सांभाळून हे करणे सोपे नाही, याची आम्हाला जाणीव आहे. तरी येत्या मृगाला एक भांडे शाळेच्या अंगणात जरूर ठेवून पाहावे. महिनाभराच्या नोंदी आणि मुलांनी विचारलेले प्रश्न आमच्याकडे पाठवावेत. दुसऱ्या शाळांनाही ते वाचायला आवडतील.